‘होतं तसं’ म्हणजे कोणत्या सालचं? केशवराव भोसले नाट्यगृहाच्या इतिहास-फलकांच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

काम ठरलं. कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचा इतिहास सांगणारे मोठे फलक करायचे, शाळा-कॉलेजांतून फिरवता येतील असे. चौघेजण आहोत: मजकूर माझ्याकडे, नकाशे आणि रेखाटनं आर्किटेक्ट मॅडमकडे, छायाचित्रं एका तरुण मित्राकडे. ध्वनी आणि प्रकाशाचं सगळं आमच्या ‘सरां’कडे. ते आयुष्यभर नाटकांना साउंड देत आले आहेत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या सगळं गेलं. दर्शनी दगडी भाग तेवढा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्या गायक नटाचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या केशवरावांची जयंती होती. जयंतीच्या तयारीत असलेली रंगकर्मी मंडळी ढिगाऱ्यासमोर रडत उभी होती. तेव्हापासून गावात एकच मागणी ऐकतोय: होतं तसं उभं करा.

मागणी रास्तच आहे. पण आजच्या पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, “होतं तसं म्हणजे कधी होतं तसं? १९१५ साली? १९५७ साली? की ८ ऑगस्टच्या सकाळी?” कुणाकडेच चटकन उत्तर नव्हतं. फलकांचा सगळा आराखडा याच प्रश्नावर बांधायचा असं ठरलं. नुसती सनावळी लावली तर पोरं तीन मिनिटांत पुढं जातील.

९ फेब्रुवारी

आज खासबाग मैदानाच्या बाजूने फिरलो. कोल्हापूरकराला यात नवल वाटत नाही, पण बाहेरचा माणूस हमखास थबकतो: नाट्यगृह आणि कुस्तीचं मैदान पाठीला पाठ लावून उभे आहेत. एका अंगाला बंद रंगमंच, दुसऱ्या अंगाला लाल मातीचा हौदा, आणि मैदानाच्या बाजूने खुला रंगमंच. म्हणजे नट आणि पैलवान एकमेकांचे शेजारी. दोघांचा आश्रयदाताही एकच, शाहू महाराज.

पहिल्या फलकावर इमारतीचा दर्शनी फोटो टाकू नये असं माझं मत. तो सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी दोन्ही वास्तू एकत्र दाखवणारा वरून काढलेला नकाशा हवा. मॅडम करून देतील. नकाशावर उत्तर दिशा आणि मोजपट्टी पाहिजेच. नाहीतर ते लग्नपत्रिकेतल्या ‘कार्यालयाकडे जाण्याचा मार्ग’सारखं दिसतं.

१६ फेब्रुवारी

मागची पार्श्वभूमी आटोपशीर लिहायची आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून मराठी नाटकाची सुरुवात मानतात. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि गाणारं नाटक उभं राहिलं. त्यापुढची तीस-चाळीस वर्षं नाटक मंडळ्या गावोगाव फिरल्या. बैलगाडीतून आणि नंतर रेल्वेने सामान, पडदे, पेट्या, आचारी, तालमास्तर असा सगळा संसार जायचा. प्रयोग व्हायचे ते वाड्याच्या चौकात, नाहीतर मांडव घालून, नाहीतर पत्र्याच्या तात्पुरत्या थिएटरात.

हे एवढं सांगितलं की पक्क्या दगडी नाट्यगृहाचं महत्त्व आपोआप कळतं. मंडळी आली आणि तयार रंगमंच मिळाला, यात केवढी सोय होती! पाऊस आला तरी खेळ चालू, आणि पडदे टांगायला रोज नव्याने बांबू रोवायला नकोत. एका फलकाचा वरचा तिसरा हिस्सा याला पुरे.

१ मार्च

शाहू महाराजांचा फलक. मजकूर तीनदा कापला, तरी लांबलाय.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधलं जुनं लंबवर्तुळाकार क्रीडागार पाहून आपल्याकडेही कुस्तीसाठी तसं मैदान हवं असं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. खासबागचं मैदान १९१२ साली सुरू झालं. मधे खाली हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पकड दिसते. त्याच्या पाठीला १९१३ मध्ये नाट्यगृहाचं काम निघालं आणि १९१५ मध्ये ते पुरं झालं. नाव ठेवलं पॅलेस थिएटर.

मला यात एक धागा दिसतो आणि तो फलकावर ठसठशीत यायला हवा. दोन्ही इमारतींचा विचार प्रेक्षकाच्या डोळ्यापासून सुरू होतो. हौद्यातला डाव सगळ्यांना दिसला पाहिजे, रंगमंचावरचा नट सगळ्यांना दिसला पाहिजे, मधे खांब आडवा येता कामा नये. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण मांडवात किंवा वाड्याच्या चौकात खांबामागे बसून अर्धं नाटक मान वाकडी करून पाहिलेल्या माणसाला याची किंमत विचारावी.

मित्राचं म्हणणं, याच फलकावर २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूमही घ्या, सालही तेच आहे. हुकूम मोठाच आहे, पण इथं नको. शाहू महाराजांच्या प्रत्येक फलकावर सगळे शाहू महाराज बसवायला गेलं की त्यातला एकही धड दिसत नाही.

८ मार्च

केशवरावांवर वाद झाला, म्हणजे चांगला वाद. मित्राला वाटतं, नाट्यगृहाला नाव त्यांचं, तर अर्धे फलक त्यांच्यावर हवेत. मला वाटतं एकच हवा, पण भरगच्च.

त्यात काय घ्यायचं ते असं. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचाच. वडील लहानपणीच गेले, घरची गरिबी. अगदी पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदे’तली शारदा करून नावारूपाला आले. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. वय होतं सतरा! आजच्या हिशेबाने बारावीतलं पोर. सतराव्या वर्षी नट जमवायचे, पगार द्यायचे, पडदे रंगवून घ्यायचे, गावोगाव मुक्काम ठरवायचे आणि रात्री स्वतः उभं राहून गायचं. हा परिच्छेद शाळेतल्या पोरांसाठी मुद्दाम मोठ्या अक्षरात.

मग ८ जुलै १९२१ चा मुंबईतला संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन मंडळ्या एकत्र आल्या. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्या प्रयोगाच्या आठवणी लोकांनी पुढं पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. आणि तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्याच वर्षी ६ मे ला शाहू महाराज गेले, तेही सत्तेचाळिशीत. ज्याने थिएटर बांधलं आणि ज्याचं नाव पुढे त्याला लागलं, ते दोघेही सात महिन्यांच्या अंतराने गेले.

एक बारीक गोष्ट पोरांच्या नजरेत आणून द्यायची: इमारत उभी राहिली तेव्हा तिला केशवरावांचं नाव नव्हतं. ते १९५७ साली दिलं गेलं. म्हणजे ‘१९१५ सारखं हुबेहूब’ करायचं म्हटलं तर पाटीसुद्धा बदलावी लागेल. मॅडम यावर खूप हसल्या.

२३ मार्च

आजचा दिवस पडद्याचा. ओळखीतल्या एका घरी माळ्यावर जुन्या रंगवलेल्या पडद्याचा तुकडा आहे असं कळलं होतं. काकूंनी तो अंगणात चटईवर पसरू दिला. जाड मांजरपाट, दोन पट्टे मधोमध शिवून जोडलेले. शिवण समोरून दिसत नाही. तिच्यावर रंगाऱ्याने राजवाड्याच्या खांबाची कड आणून ठेवली आहे. रंग सरसात कालवलेला, त्यामुळे घडी पडली तिथं खपलीखपलीने उडालाय. खालच्या कडेला दांडा घालायची नळी तशीच आहे, आणि नळीच्या तोंडाशी कापड दोरीने घासून विरलंय. जवळून पाहिलं तर सगळे नुसते फटकारे: निळ्यावर पांढरा, पिवळ्यावर तपकिरी. दहा पावलं मागं सरकलो आणि कमान उभी राहिली, तिच्यामागे बाग, बागेत कारंजं.

“धुवायचं काय कधी मनात आणू नका,” काकू म्हणाल्या. “सासूबाईंनी एकदा ओल्या फडक्यानं पुसलं, तर ढगच गेला.” खरंच, वरच्या कोपऱ्यात आभाळ कोरं आहे.

या कलेतूनच कोल्हापूरचा सिनेमा निघाला, हे फलकावर पाहिजे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी केशवरावांच्या मंडळीसाठी पडदे रंगवले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढं स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. खोलीचा, सावलीचा, लांबच्या-जवळच्याचा जो हिशेब पडदा रंगवताना हातात बसला होता, तोच चित्रपटाच्या चौकटीत कामी आला. पडद्याचा फोटो मी जवळून आणि लांबून असा जोडीने मागितला आहे. शेजारी शेजारी छापायचे, खाली मजकूर जवळजवळ नाहीच.

६ एप्रिल

सरांचा दिवस. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात त्यांनी आम्हाला उभं केलं आणि टाळी वाजवली. टाळी विरायला वेळ लागला. मग बाजूच्या वर्गातली पोरं आणून बसवली, पुन्हा टाळी. या वेळी आवाज लगेच मिटला.

“माणूस म्हणजे आवाज पिणारा स्पंज,” सर म्हणाले. “म्हणून रंगीत तालमीला गळा छान लागतो आणि हाऊसफुल्लला नटाला वाटतं, आपला आवाज आज कुठं गेला?”

यातलं शास्त्र त्यांनी फळ्यावर मांडलं, ते फलकासाठी उतरवतो. सभागृहाचं घनफळ घ्यायचं, त्याला आतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचं आणि ०.१६ ने गुणायचं, मापं मीटरमध्ये. आवाज विरायला किती सेकंद लागतील ते निघतं. शोषणाचं मापही मजेशीर आहे: एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. अमेरिकेत वॉलेस सबाइनने हे सूत्र बसवलं आणि १९०० साली उघडलेलं बॉस्टनचं संगीतगृह त्यावर बेतलेलं पहिलं. म्हणजे आपल्या पॅलेस थिएटरपेक्षा फक्त पंधरा वर्षं आधी.

दुसरा नियम प्रतिध्वनीचा. भिंतीवर आपटून येणारा आवाज सरळ आवाजापेक्षा साधारण सतरा मीटर जास्त चालून आला, तर तो वेगळा ऐकू येऊ लागतो आणि शब्द फाटतात. त्याहून कमी अंतर असेल तर तोच आवाज मूळ आवाजाला बळ देतो. माइकविना गाणाऱ्या नटाचा खरा साथीदार ही जवळची भिंत आणि लाकडी छत. ऑर्गन आणि तबला नंतर.

बोलण्याला आवाज पटकन विरलेला बरा, सेकंदाच्या आसपास. गाण्याला थोडा रेंगाळलेला हवा. संगीत नाटकाला दोन्ही हवं! गद्य संवाद संपतो आणि लगेच पद सुरू होतं, आणि थिएटर तेच. मधला मार्ग साधणारं सभागृह मिळणं हे नाट्यसंगीताचं नशीब.

आता सरांची खरी काळजी. नव्या बांधकामात भिंती-छताचा आकार तंतोतंत जुना ठेवला आणि आत लाकडाऐवजी गुळगुळीत पत्रे, जाड गाद्यांच्या खुर्च्या, वर वातानुकूलनाची घरघर आली, तर दिसायला सगळं होतं तसं असेल. ऐकायला नसेल. फलकावर हे वाक्य थेट घेणार. कुणाला लागलं तर लागू दे.

१९ एप्रिल

प्रकाशाची चौकट पुरी केली: आधी तेलाच्या दिव्यांच्या फुटलाइट, मग रॉकेलवरच्या किटसन बत्त्या, मग वीज. फुटलाइट खालून चेहऱ्यावर पडतात, सावली वर जाते, म्हणून मेकअपही त्या हिशेबाने भडक. वीज आली तसा चेहऱ्यावरचा रंग उतरला. एवढंच पुरे.

४ मे

बोलपटाचा धक्का. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. १९३२ मध्ये तिचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात राजा हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, ज्यांनी ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या. नाटकाचा संगीतकार बोलपटाचा नायक झाला, याच गावात. नाटक मंडळ्या बोलपटांनी मोडल्या असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण माणसं तीच होती. गाणारा गळा, रंगवणारा हात, शिवणारा शिंपी रस्ता ओलांडून स्टुडिओत गेला, एवढंच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

ललितकलादर्श मात्र टिकली. केशवरावांमागे बापूराव पेंढारकरांनी आणि पुढं भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली.

संस्थानाचा शेवट दोन ओळीत: १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं, १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राजाचं थिएटर गावाचं झालं. इथून पुढचा इतिहास मोठ्या नावांचा कमी आणि हौशी मंडळींचा जास्त. राज्य नाट्य स्पर्धेची फेरी, शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानं, ऑर्केस्ट्रा, सत्कार. मला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. कोल्हापुरात असं घर सापडणं कठीण, ज्यातलं कुणीच या स्टेजवर कधी चढलं नाही.

१७ मे

रंगमंचामागे उमेदीची वर्षं घालवलेल्या एका मामांकडे गेलो. वय झालंय, पण हात बोलताना आपोआप दोरी ओढल्यासारखे चालतात. पडदा ओढायची रीत त्यांनी दारच्या पडद्यावर करून दाखवली. पहिला हात जोरात, मग दम धरून, आणि शेवटचा वीतभर अगदी सावकाश, नाहीतर खालचा दांडा फळ्यांवर आपटतो आणि करुण प्रसंगाला लोक हसतात.

मी विचारलं, पुन्हा बांधताना काय तसंच ठेवावं? मला वाटलं रंगमंच म्हणतील, नाहीतर दगडी कमान.

“इंगेतली जागा,” मामा म्हणाले. “बाहेर काय बी करा. इंगेत चार मानसं उभी ऱ्हायला जागा पायजे. एक नट, एक कपडेवाला, एक प्राम्टर आन्‌ एक दिवेवाला. न्हाईतर नाटक कसं व्हायचं?”

इंग म्हणजे विंग, रंगमंचाच्या बाजूची पडद्याआडची जागा. मॅडमनी तिथंच वहीत विंगेची रुंदी टिपून घेतली. वास्तूच्या इतिहासात विंगा कधी येत नाहीत. प्रेक्षकाला दिसतात ती कमान, झालर, बाल्कनी हेच येतं. आपल्या नकाशात मागची बाजूही तेवढीच स्पष्ट दाखवायची.

८ जून

आगीचा फलक. इथं दोष कुणाचा, कारण काय, यात शिरायचं नाही. ते तपासणाऱ्यांचं काम. आपण फक्त अशी इमारत आगीत कशी वागते ते सांगायचं.

नाट्यगृह म्हणजे आगीला आमंत्रणच: लाकडी फळ्या, कापडी पडदे, रंग, वायरी, आणि वर उंच पोकळी. रंगमंचावरची उंच जागा पडदे वर घ्यायला असते, पण आग लागली की तीच धुराड्याचं काम करते. जाड लाकूड त्यामानाने शहाणं असतं. ते बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ वाचवतो. लोखंड जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते वाकतं. काळा दगड उभा राहतो, मात्र तापलेल्या दगडावर पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि दगडांमधल्या सांध्यातला चुना आतून भुसभुशीत होतो. म्हणून ‘भिंती शाबूत आहेत’ हे नुसतं बघून ठरत नाही. ठोकून, नमुने काढून पाहावं लागतं.

दुसरा भाग दारांचा. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वाय थिएटरला आग लागली आणि ६०२ माणसं गेली. इमारत नवीकोरी होती, आगीपासून सुरक्षित म्हणून जाहिरात झालेली. लोक दारांशी अडकले. त्यानंतर जगभर नाट्यगृहांची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि नुसत्या धक्क्याने सुटणारी करायचा आग्रह धरला गेला. कोल्हापुरात त्या रात्री आत प्रेक्षक नव्हते, हे आपलं भाग्य. मित्र म्हणाला, हे वाक्य नको, अपशकुनी वाटतं. मी ठेवलंय.

तेव्हा ‘होतं तसं’मध्ये हीही वजाबाकी आली. शंभर वर्षांपूर्वीची वायरिंग, दारं, पडद्याचं कापड तसंच परत आणा असं कुणी म्हणणार नाही.

२२ जून

आज चौघांनी बसून निकाल लावला. शेवटचा फलक म्हणजे एकच मोठं रेखाटन, इमारतीचा उभा छेद. त्याच्या प्रत्येक भागावर साल. दगडी दर्शनी भाग: १९१५, ठेवलेला. नाव: १९५७. छत, रंगमंच, आसनं: २०२४ मध्ये गेलेली, नव्याने होणारी. ज्या भागाची दुरुस्ती मधल्या काळात होत राहिली, तिथं वेगळ्या रंगाची रेघ. बघणाऱ्याने स्वतःच ठरवावं की त्याला कोणतं साल परत हवंय.

माझं मत नोंदवून ठेवतो, कारण फलकावर ते येणार नाही. मला १९१५ चा दगड हवा, तेव्हाचं ऐकू येणं हवं, १९५७ ची पाटी हवी, मामांची विंग हवी, आणि दारं मात्र आजची हवीत. असं थिएटर कोणत्याच एका साली नव्हतं. मॅडमना हे पटत नाही. त्यांच्या मते नवं काम नवं म्हणूनच दिसलं पाहिजे, जुन्याची नक्कल करून पुढच्या पिढीला फसवू नये. जीर्णोद्धाराच्या शास्त्रात त्यांचीच बाजू भक्कम आहे. सर म्हणतात, दिसण्यावरून भांडा खुशाल, टाळी मला वाजवू द्या.

५ जुलै

पहिले छापील नमुने आले. पडद्याचा जोड-फोटो अपेक्षेपेक्षा सुरेख. शाहू महाराजांच्या फलकावर अक्षर बारीक झालंय, दोन परिच्छेद काढून मोठं करायचं. ‘संगीतसूर्य’ सगळीकडे एकशब्दी ठेवायचं. छापणाऱ्याने दोन ठिकाणी तोडलंय. छेदाच्या रेखाटनात बाल्कनीची मोजपट्टी चुकून फुटांत आहे, बाकी सगळं मीटरमध्ये, मॅडम बदलून देतील. मामांना नमुना दाखवायला न्यायचा: विंगेत चार माणसं काढली आहेत, ती बरोबर उभी आहेत का ते तेच सांगतील.